कंडेन्सरची तुटलेली तोटी

लीबिग कंडेन्सर म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन काचनळ्या. आतल्या नळीतून वाफ जाते आणि बाहेरच्या जॅकेटमधून थंड पाणी फिरते. पाणी खालच्या तोटीतून आत येते, वरच्या तोटीतून बाहेर पडते. त्यामुळे जॅकेट कायम भरलेले राहते. उपकरणाला युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे नाव मिळाले असले, तरी पाण्याने थंड होणाऱ्या अशा नळीचे वर्णन वायगेल नावाच्या शास्त्रज्ञाने १७७१ मध्येच केले होते. त्यानंतर रचना फारशी बदलली नाही, आणि मोडण्याची जागाही बदललेली नाही. मोडते ती बहुधा पाण्याची तोटी, जॅकेटच्या अंगावर आडवी जोडलेली बोटभर नळी.

कारण सहसा साधे असते. रबरी नळी महिनोन्महिने तोटीवर तशीच राहते, कडक होते आणि काचेला चिकटून बसते. मग कोणीतरी ती तिरकी ओढतो. तोटीच्या टोकाला दिलेला थोडासा हिसका तरफेसारखा वाढून बुडाशी पोहोचतो. काच दाब पुष्कळ सोसते, ओढ फार कमी. त्यातून जोडाजवळ एखादा बारीक ओरखडा असेल तर चीर तिथूनच सुरू होते.

दुरुस्तीला हात घालण्याआधी काच कोणती, हे नक्की कळायला हवे. प्रयोगशाळेतले काचसामान बहुतेक बोरोसिलिकेटचे असते. त्यात सुमारे ८१ टक्के सिलिका आणि १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असते, आणि एका अंशाने तापल्यावर ही काच लांबीच्या दर दहा लाख भागांमागे सुमारे ३.३ भाग वाढते. खिडकीची किंवा बाटलीची सोडा काच जवळपास ९ भाग वाढते. या दोन काचा ज्योतीत छान एकजीव झालेल्या दिसतात आणि निवताना तडकतात. शंका असेल तर माहितीतल्या काचेचा आणि संशयित काचेचा एकेक तुकडा शेजारी शेजारी जोडून, वितळवून त्यांचा बारीक धागा ओढावा. धागा सरळ राहिला तर काचा जुळतात. निवताना तो वाकला, तर ज्या बाजूला वाकला ती काच जास्त आकसणारी. साधीच युक्ती, पण तीवर पूर्ण भरवसा ठेवता येतो. ग्लिसरीनचीही मदत होते: त्यात बुडवलेली बोरोसिलिकेट काच जवळजवळ दिसेनाशी होते.

त्यानंतरची सफाई हे या कामातले सर्वांत दुर्लक्षित अंग आहे, आणि खरा धोका इथेच आहे. कंडेन्सरमध्ये ईथरचा किंवा ॲसिटोनचा अंश उरला आणि तो ज्योतीजवळ आला, तर भडका उडतो. आत काय वापरले होते, हे वस्तू पाठवणाऱ्याने लिहून दिल्याशिवाय कारागिराने ती हातात घेऊ नये. तो त्याचा हक्क आहे. जॅकेटमध्ये साचलेले क्षार विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने काढावेत. जोडांवरचे सिलिकोन ग्रीस पूर्ण पुसावे, नाहीतर जळून त्याचा पांढरा सिलिका काचेत बसतो. शेवटी वस्तू कोरडी करावी. जॅकेटमध्ये राहिलेला पाण्याचा एक थेंबसुद्धा तापलेल्या भिंतीवर ओघळला तर तडा जातो.

आता चीर कुठवर गेली आहे ते पाहायचे. ती तोटीतच थांबली असेल तर काम सोपे. जॅकेटमध्ये घुसली असेल तर वितळवून ती बुजवता येते. पण आतली नळी आणि जॅकेट जिथे गोल जोडलेले असतात, त्या जोडापर्यंत ती पोहोचली असेल तर अनुभवी हातही विचार करतो. तोटी याच जोडाच्या अगदी जवळ असते, म्हणून फक्त तोटी तापवून भागत नाही. ते सगळे टोक हळूहळू, सारखे फिरवत तापवावे लागते. आधी ऑक्सिजनशिवायच्या मऊ पिवळ्या ज्योतीने, मग जोर वाढवत.

वस्तूची बाकीची सगळी तोंडे बुचांनी बंद करतात. एकाच तोंडाला रबरी नळी लावून तिचे टोक कारागीर ओठांत धरतो. डोळ्यांवर डिडिमियम चष्मा असतो. तापलेल्या काचेतून निघणारा सोडियमचा पिवळा झळाळ तो गिळतो, आणि त्या झळाळाआड लपलेली काच दिसू लागते. तुटका बुंधा लाल होऊन मऊ झाला की काचेच्या कांडीने ओढून काढून टाकतात. राहिलेली जागा पुन्हा तापवून फुंकली की तिथे कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ फुगा येतो. तो झटकला की भोक तयार. भोकाच्या कडा वितळवून किंचित बाहेर वळवतात आणि त्याच मापाची नवी तोटी त्यावर टेकवतात.

दोन्ही कडा एकमेकींना लागल्या म्हणजे जोड झाला, असे नाही. शिकाऊ हात बहुधा इथेच थांबतो. जोडाचा एकेक भाग वितळू द्यायचा, काच आत बसू लागली की हलकेच फुंकायचे, पुन्हा वितळवायचे, पुन्हा फुंकायचे. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची झाली पाहिजे, आणि तोटी जॅकेटला मिळते तिथे खाच न राहता गोलाई आली पाहिजे. राहिलेल्या खाचेतूनच पुढची चीर निघते.

खरे काम यानंतरचे. बाहेरून सुबक दिसणारा जोड टेबलावर ठेवल्यावर तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी, कोणी हात न लावता तडकतो. बाहेरचा थर आधी निवून घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो, आणि ती ओढ काचेत कोंडून राहते. ती सोडवण्यासाठी वस्तू भट्टीत सुमारे ५६० अंश सेल्सिअसला ठेवतात. या तापमानाला काच आकार न सोडता आतून सैल होते. भिंत जितकी जाड, तितका वेळ जास्त. मग ५१० अंशांच्या खाली येईपर्यंत अगदी सावकाश निववतात. नंतर पोलारिस्कोपमध्ये धरले की कोंडलेला ताण उजळ पट्ट्यांच्या रूपात दिसतो. क्षेत्र एकसारखे काळोखे दिसले तरच वस्तू परत द्यावी. ही तपासणी वेळ नाही म्हणून टाळणे म्हणजे वापरणाऱ्याच्या हातात भरवशाचे नाव देऊन धोका देणे होय.

प्रत्येक वस्तू दुरुस्त करावी असे नाही. ब्युरेट, पिपेट यांसारखी मापाची भांडी तापवली की त्यांचे माप भरवशाचे राहत नाही. निर्वातासाठी वापरायच्या भांड्यावर खोल ओरखडे असतील तर ते बाद करावे. तुटकी तोटी इपॉक्सीने चिकटवणे हा उपाय नव्हे. नळाचे पाणी रात्री जोराने येते, जोड सुटतो आणि सकाळी प्रयोगशाळेत घोटाभर पाणी सापडते. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांसारख्या ठिकाणी काचकामाची कार्यशाळा संस्थेतच असते. लहान महाविद्यालयाला मात्र एका साध्या कंडेन्सरसाठी नवा घेणेच परवडते. खास बनवून घेतलेल्या, बाजारात न मिळणाऱ्या उपकरणासाठी दुरुस्तीचा खटाटोप नक्की करावा. काही नव्या कंडेन्सरना काचेच्या तोटीऐवजी आटे पाडलेले छोटे तोंड असते, त्यावर प्लॅस्टिकची तोटी फिरवून बसवतात. ती मोडली तर ज्योतीची गरजच नाही, नवी फिरवली की झाले.

दुरुस्त तोटीवर नळी चढवताना टोक पाण्याने किंवा ग्लिसरीनने ओले करावे, तोटी बुडाशी बोटांनी धरावी आणि नळी फिरवत सरळ रेषेत पुढे न्यावी. काढताना ओढू नये. ब्लेडने नळीला लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि ती सोलून काढावी.