ओल्ड रेक्टरी आणि आपलं माळवद

अंबाजोगाई

चि. सई,

तू राहतेस त्या घराला 'ओल्ड रेक्टरी' का म्हणतात, असं विचारलंस. रेक्टर म्हणजे इंग्लंडमध्ये गावच्या चर्चचा धर्मगुरू. पिकाचा दहावा हिस्सा आणि चर्चच्या जमिनीचं उत्पन्न त्याला मिळे, म्हणून त्याचं घरही गावात उठून दिसे. 1776 च्या गिल्बर्ट कायद्याने पदाच्या उत्पन्नावर कर्ज काढून घर बांधायची सोय झाली. मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या सरकत्या खिडक्या, हा त्या काळाचा तोंडवळा. त्याआधीची कितीतरी घरं साधीच होती. एपवर्थची रेक्टरी लाकूड-मातीची, गवताने शाकारलेली होती. ती 1709 मध्ये जळाली तेव्हा पुढे मेथडिस्ट पंथ स्थापणाऱ्या, पाच वर्षांच्या जॉन वेस्लीला माडीच्या खिडकीतून बाहेर काढलं. नंतर ती विटांत बांधली.

मला या घरांतली अभ्यासिका सगळ्यात आवडते. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात ती बाहेरच्या दाराजवळ ठेवत, पुष्कळदा तिला वेगळं दारही असे. मयताची वर्दी द्यायला किंवा लग्नाचं ठरवायला आलेल्या माणसाला संसारात पाऊल न टाकता धर्मगुरूला भेटता येई. आपल्या वाड्यातली दाराजवळची ढेलज आठव. पत्रिका घेऊन आलेले लोक आजोबांशी तिथंच बोलत. सोवळ्याचं घर चौकापलीकडे.

छपराचं मात्र अगदी उलट. तिकडे उतरती कौलं, आपल्याकडे सपाट माळवद: सागाच्या तुळया, कड्या, लाकडाच्या चिपा, पाला आणि वर हातभर पांढरी माती. भर मे महिन्यात खाली गारवा असे. पण 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला आणि लोकांनी माळवदाचा धसका घेतला. आपलंही उतरवून पत्रे घातले. ते मला आजही सलतं. किल्लारीकडे माणसं मुख्यतः जाड दगडी भिंती कोसळून दगावली. खांब-तुळयांची सागवानी चौकट पुष्कळ ठिकाणी उभीच राहिली होती. भिंती एकमेकींना बांधून घेतल्या असत्या, मातीचा थर कमी केला असता, तर आपलं माळवद वाचलं असतं, असं माझं ठाम मत आहे.

तिकडच्या चर्चनेही खर्च झेपेना म्हणून अशी घरं विसाव्या शतकात विकली. घेणाऱ्यांनी जपली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तुमच्या घराला बाजूचं दार आहे का ते बघ. अभ्यासिका कुठे होती, हे घरमालकांना विचार आणि हाताने नकाशा काढून पाठव. मी आपल्या वाड्याचा काढतो आहे.

तुझा,
काका