उलट्या पाण्याची संध्याकाळ

धबधबा दिसला की फोटोग्राफरचा हात आपोआप शटर हळू करायला जातो. अर्धा सेकंद, एक सेकंद; पाणी दुधासारखं गुळगुळीत झालं की काम झालं. माझी ही खोड नाणेघाटाने मोडली.

तिथला कडा पश्चिमेला, कोकणाकडे तोंड करून उभा आहे. पावसाळ्यात वारा खालून असा चढतो की पडू पाहणारं पाणी तो वरच्या वर उचलून पठारावर भिरकावतो. श्रावणातल्या एका संध्याकाळी, साडेसहाच्या सुमाराला, कोकणावरचे ढग फाटले आणि ऊन आडवं आत आलं. ट्रायपॉड लावून मी अर्ध्या सेकंदाचा फोटो घेतला. पडद्यावर नुसता धूर! दुसराही तसाच. पडणाऱ्या पाण्याची वाट ठरलेली असते, म्हणून त्याच्या रेघा जुळतात. वर उडणारा थेंब मात्र वारा नेईल तिकडे जातो. शेवटी शटर १/५०० वर नेलं, तेव्हा थेंब दिसले: सुटे सुटे, मागून ऊन लागल्यामुळे पेटलेले.

पण संध्याकाळी एवढं वेगवान शटर परवडत नाही. उजेड उतरत जातो तसा आयएसओ १०० वरून ४००, मग १६००. फोटोत दाणे येतात. येऊ देत, धुरापेक्षा बरे.

खरी पंचाईत भिंगाची. ऊन समोरून, वारा समोरून, थेंबही समोरूनच. पुसलं की जेमतेम दोन सेकंद मिळायचे. तिसरं फडकं भिजलं तेव्हा कणसं भाजणाऱ्या बाई ओरडल्या, "ओ दादा, मागं बघा की!"

मागे पठारावर उडालेल्या त्याच थेंबांत इंद्रधनुष्य उभं होतं. सूर्य टेकायला आलेला, त्यामुळे जवळजवळ अर्धवर्तुळ. पोलरायझरची कडी फिरवली तर कमानीचा माथा चक्क गायब! कडी पाव फेरा आणखी फिरवली, तसा तो परत आला, आधीपेक्षा गडद. अकरा फोटो झाले आणि ढगांनी ऊन मिटवलं. कड्याच्या कठड्याशी गर्दी होती. सगळ्यांचे मोबाइल दरीकडे.

नाणेघाटात संध्याकाळी गेलात तर त्या गर्दीत घुसू नका. वीसेक पावलं मागे या आणि सूर्याकडे पाठ करा. भिंगसुद्धा कोरडं राहतं.