बंधूंचं वार्तापत्र

ज्याचं अक्षर वळणदार, त्याच्या नशिबी स्वस्थता नसते. लग्नात आहेराची वही त्याच्या मांडीवर, मयतीनंतर गावोगावची पत्रं लिहायला तो, आणि शाळेच्या फळ्यावरचा सुविचारही त्यानंच लिहायचा, मग आचरण कसं का असेना. माझं अक्षर चांगलं होतं. त्यामुळे १९८४ साली एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच मी समजलो. आशीर्वाद द्यायचा असला की ते डोक्यावर हात ठेवत. खांद्यावर ठेवला म्हणजे काम.

काम होतं आमच्या टापूतल्या नऊ ब्रदरन मंडळ्यांचं मासिक वार्तापत्र काढण्याचं. चार पानं, सायक्लोस्टाइल. स्टेन्सिलवर लेखणीनं कोरायचं, म्हणजे चूक झाली की खोडायची सोय नाही. लाल रंगाचं एक औषध लावून ती बुजवायची आणि ते वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचं.

ब्रदरन म्हणजे भाऊ. हे मी बँकेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं, तर एक जण म्हणाला, "म्हणजे तुमच्यात भाऊबंदकी अधिकृतच!" मी तेव्हा रागावलो होतो. आता रागावत नाही. डहाणू-वाड्याकडची ही मंडळी मूळची अमेरिकन मिशनऱ्यांची. विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी आणि एक सहकारी बाई १८९४ साली तिकडून निघाल्या आणि त्यांनी वलसाडला बस्तान बसवलं. तिथून काम खाली आमच्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे २०१४ पासूनच्या पालघरात, पसरलं. हा पंथ शस्त्राला नाही म्हणणारा आणि कोर्टकचेरीलाही नाही म्हणणारा. पण १९७० साली नागपूरला सहा पंथांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. त्यात सामील कोण, वेगळं कोण आणि जागा कुणाच्या, यावरून गुजरातेत जे सुरू झालं, त्यावर २००५ साली थेट सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. भावांचं प्रेम जितकं गाढ, तितके कागद जाड.

इंग्रजीत या पंथाला चेष्टेनं 'डंकर' म्हणत, म्हणजे बुडवणारे. कारण आमच्यात बाप्तिस्मा देताना माणसाला पुढच्या बाजूनं तीन वेळा पाण्यात बुडवतात. हेही मी बँकेत सांगितलं होतं. बँकेत बुडव्या म्हणजे काय, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. पुढे वर्षभर मला कुणी उसने पैसे दिले नाहीत.

असो. बातम्या येऊ लागल्या. 'प्रभूच्या कृपेने येथे सर्व क्षेम' अशी सुरुवात आणि 'सभा उत्साहात पार पडली' असा शेवट. मध्ये फक्त नावं. अध्यक्ष कोण, प्रार्थना कुणी केली, आभार कुणी मानले, गॅसबत्ती कुणी आणली. कुणाची नोकरी गेली, कुणाची म्हातारी अंथरुणाला खिळली, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, याबद्दल अक्षर नाही. ते सगळं मला स्टेशनवर कळायचं. नऊही मंडळ्यांच्या सभा इतक्या उत्साहात पार पडत होत्या, की वाचणाऱ्याला वाटावं, या भागात निरुत्साह म्हणून काही नाहीच.

काही पत्रं गुजराती मिश्रित. सीमेवरच्या एका खजिनदारांनी कळवळून लिहिलं होतं, दानपेटी खाली आहे. मी छापलं, 'दानपेटी खाली ठेवलेली आहे, बंधुभगिनींनी नोंद घ्यावी.' गुजरातीत खाली म्हणजे रिकामी, हे मला त्यांच्या पुढच्या पत्रातून कळलं. त्या पत्रात 'प्रभूच्या कृपेने' नव्हतं.

पण खरी चूक पुढेच होती. आमच्या मंडळीचा कापणीचा सण झाला. लोकांनी भात, दुधी, चिकू, कोंबड्या आणून अर्पण केल्या, मग त्यांचा लिलाव झाला. एक कोंबडा तर तीनदा विकला गेला, कारण घेणारा दर वेळी तो परत अर्पण करायचा. चौथ्यांदा कोंबड्यानंच अंग काढून घेतलं आणि तो उडून गेला. ही बातमी मी रंगवून लिहिली. लाउडस्पीकर देणारा आला, मंडप घालणारा आला, चहात साखर घालणाऱ्या बाईसुद्धा आल्या. पान संपलं. राहिले ते पायपेटीवाले काका. एकतीस वर्षं ते आमच्या देवळात पायपेटी वाजवत होते, आणि जे रोज असतं ते कुणाला आठवतं?

अंक वाटल्यावर काकांनी मला सलाम करणं सोडलं. पुढे तर गाणीच संथ झाली. प्रत्येक ओळीनंतर काका थांबत. आम्ही सगळे तोंड उघडं ठेवून तसेच उभे. चार कडव्यांच्या गाण्याला इतका वेळ लागे, की पाळकसाहेब उपदेश आखडता घेऊ लागले. तरुण मंडळींना काका आवडायला लागले ते तेव्हापासून. मला मात्र प्रत्येक थांबण्यात माझंच नाव ऐकू यायचं. म्हटलं, हा माणूस सूड घेतोय, तोही देवाच्या घरात, आणि सुरात!

अशातच प्रीतिभोजन आलं. आमच्यात प्रभुभोजनाच्या संध्याकाळी आधी एकमेकांचे पाय धुतात, मग एकत्र जेवतात, मग भाकर आणि प्याला. आणि त्याच्याही आधी वडील मंडळी घरोघर येऊन विचारतात, विश्वासात आहात ना, सगळ्यांशी समेट आहे ना? आमच्याकडे दोघे आले. मी म्हणालो, "आहे." बायको स्वयंपाकघरातून खोकली. वडिलांनी चहा घेतला आणि खोकल्याला औषध सांगून गेले.

पाय धुताना पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. प्रत्येकानं शेजारच्याचे धुवायचे आणि पुसायचे. मी मुद्दाम दाराशी, काकांपासून लांब बसलो. काका उशिरा आले. उशिरा येणाऱ्याला जागा कुठे मिळते? दाराशी.

परात माझ्यापुढे आली. कमरेला पंचा बांधून मी खाली बसलो. काकांनी पाय पुढे केले आणि मी दचकलो. दोन्ही घोटे सुजलेले. टाचांना भेगा. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. कोमट पाणी घातलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"काका, हे काय?"

"भाता फाटलाय पायपेटीचा," ते हळूच म्हणाले. "हवा राहतच नाही. ओळ संपली की थांबून भरून घ्यावी लागते."

मी पंचानं पाय पुसू लागलो. खाली मान घालून म्हणालो, "मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात."

"रागावलो होतो की! दोन रविवार. तिसऱ्या रविवारी भाता फाटला. मग रागवायला दम कुठे राहिला?"

"पुढच्या अंकात नाव घालतो. ठळक अक्षरात."

"नाव काय करायचंय आता?" काका म्हणाले. "भाता शिवणारा कुणी असला तर बघ. तेवढं छाप."

मला पाळकसाहेबांनी संडे स्कूलमध्ये सांगितलेली गोष्ट आठवली. १७०८ साली जर्मनीत श्वार्झेनाऊ गावी एडर नदीत आठ जणांनी बाप्तिस्मा घेतला, तिथून हा पंथ सुरू झाला. पुढारी अलेक्झांडर मॅक. पण मॅकला बाप्तिस्मा कोण देणार? चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याची चिठ्ठी निघाली त्याचं नाव कधीच सांगायचं नाही असं ठरलं. आजवर ते कुणाला कळलेलं नाही. लहानपणी मी विचारलं होतं, "पण पाळकसाहेब, त्याला वाईट नाही वाटलं?" मला त्यांनी बाकावर उभं केलं होतं.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर, नऊ मंडळ्यांच्या उत्साहाच्याही वर, मी छापलं: पायपेटीचा भाता फाटला आहे, वाजवणाऱ्यांचे पाय सुजले आहेत, शिवणारा हवा. त्या महिन्यात पहिल्यांदाच उलट टपाली उत्तरं आली. कुणी चामडं पाठवलं, कुणी पाच रुपये, कुणी पायाला लावायचं तेल. एका पत्रात तर त्यांच्याकडच्या घंटेचा दोर तुटल्याची बातमी होती. चौथ्या रविवारी वाड्याकडून एक बंधू पिशवीत हत्यारं घेऊन आले. त्यांनी दिवसभर बसून भाता नीट केला, जेवले आणि शेवटच्या एसटीनं गेले. काका त्या संध्याकाळी इतके जोरात वाजवत होते, की आम्ही मागे पडलो.

मी बातमी सविस्तर दिली. चामड्याचं माप, तेलाचा वास, काकांचा सूर. पान संपलं.

पुढल्या महिन्यात वाड्याहून एक जाडजूड पाकीट आलं. भाता शिवणाऱ्याच्या मेहुण्याचं पत्र होतं. सुरुवात होती: 'प्रभूच्या कृपेने येथे सर्व क्षेम. परंतु'.