रविवारची किणकिण

काचेच्या पेल्याला पेला लागल्याचा एक आवाज आहे. इतका बारीक, की स्वयंपाकघरात झाला तर आपण मानही वळवणार नाही. पण बिल इव्हान्सच्या ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या रेकॉर्डवर, पियानोचा सूर विरत विरत अगदी कडेला आलेला असताना तो मागून येतो, कुणी कुणाशी कुजबुजतं, कुणी हसतं, आणि माझ्या आत कधीपासून आवळून धरलेलं काहीतरी सैल होतं. संगीत पुढे निघून जातं. मी मात्र त्या किणकिणीपाशीच रेंगाळलेली असते.

ही रेकॉर्ड मला काकांनी ऐकवली. शिवाजी पार्कजवळच्या त्यांच्या घरी रविवारी उन्हं कलली की आम्ही जॅझवेडी मंडळी जमायचो. पिशवीतून जपून एलपी निघायची, कव्हर या हातातून त्या हातात जायचं, पाठीवरचा बारीक मजकूर कुणीतरी मोठ्याने वाचायचं. आणि ज्याने रेकॉर्ड आणली त्यानेच सुई टेकवायची, असा तिथला रिवाज होता. चोरबाजारात सापडलेल्या, चरे पडलेल्या कोल्ट्रेनलाही तिथे तेवढाच मान मिळायचा जेवढा परदेशातून आलेल्या कोऱ्या करकरीत एलिंग्टनला. वांद्र्याचे अंकल बहुतेक वेळा ट्रम्पेटचंच काहीतरी आणत. त्यांचे वडील गोव्याचे. चर्चच्या शाळेत नोटेशन वाचायला शिकून मुंबईत आलेल्या, रात्री हॉटेलांच्या बँडमध्ये जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या वादकांच्या पिढीतले. जुन्या हिंदी गाण्यांतला कितीतरी झळाळ त्या गोवेकरांच्या श्वासाचा आहे, आणि त्यांची नावं आपण फार उशिरा घ्यायला लागलो, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्या दिवशी काकांची पाळी होती. त्यांनी आधी काहीच सांगितलं नाही. ‘माय फूलिश हार्ट’ सुरू झालं, ड्रमर पॉल मोशनचे ब्रश झांजेवरून हलकेच फिरले, आणि खोलीतली सगळी हालचाल आपोआप थांबली. बाजू संपल्यावर एक तरुण मुलगा जरा वैतागून म्हणाला, “काका, ही माणसं गप्प का बसत नाहीत?”

“अरे, त्यांच्यामुळेच तर ती खोली अजून आहे,” काका म्हणाले.

मग त्यांनी खोली दाखवली. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला, जिना उतरून तळघरात जायचं असा छोटासा ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लब. तारीख 25 जून 1961, वार रविवार. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका त्या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाल्या. बासने ताल धरून मागे उभं राहायचं, ही रीत स्कॉट लाफारोला मान्य नव्हती. तो पियानोला अडवतो, विचारतो, त्याचं वाक्य मध्येच उचलून पुढे नेतो, आणि इव्हान्स किती आनंदाने त्याला वाट करून देतो! अकरा दिवसांनी, 6 जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय 25. इव्हान्स त्यानंतर कित्येक महिने लोकांसमोर वाजवायला बसला नाही. त्या रविवारची पहिली रेकॉर्ड निघाली ती लाफारोच्याच रचनेने सुरू होणारी आणि त्याच्याच रचनेवर संपणारी. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ त्यानंतर आली.

कुणीच काही बोललं नाही. काकांनी तीच बाजू पुन्हा लावली.

या वेळी पेला वाजला तेव्हा आम्हा सगळ्यांना तो ऐकू आला. तो हातात धरणाऱ्याला काय ठाऊक होतं? तो आपल्या रविवारात होता, बाजूच्या माणसाशी बोलत होता, आणि समोर हे तिघं पुन्हा कधीही घडणार नाही असं काही घडवत होते. आपल्या घरगुती मैफलींच्या जुन्या टेपांवरही गवयाच्या तानेइतकीच कुणा अनोळखी माणसाची ‘वा!’ आपल्या ओळखीची होऊन जाते. त्या माणसांचं नाव कुठल्याच कव्हरवर नसतं.

आता ती बैठक उरली नाही. काका गेले, अंकल मुलाकडे कॅनडाला गेले, तो तरुण मुलगा बंगळुरात असतो. पण ‘माय फूलिश हार्ट’ लावलं, की मॅनहॅटनच्या त्या पेल्यांत काकूंच्या कपबशा मिसळतात. अंकलचं दबक्या आवाजातलं “आह, मॅन!” ऐकू येतं. कुठला आवाज रेकॉर्डवरचा आणि कुठला माझा, हे वेगळं काढावंसं मला वाटत नाही. नावाजलेली, काटेकोर स्टुडिओ रेकॉर्डिंग्ज मी मनापासून ऐकते. तरी जॅझची एकच रेकॉर्ड ठेवायची झाली तर मी हीच ठेवेन, तिच्यातल्या माणसांसकट.

तुमच्याकडेही एखादी आवडती रेकॉर्ड असेलच. ती एकट्याने पुष्कळ ऐकून झाली असेल, तर येत्या रविवारी कुणाला तरी चहाला बोलवा आणि सुई त्यांच्यासमोर टेकवा.