पांढरा धूर

आमच्या निफाडच्या थंडीचं कौतुक दरवर्षी पेपरात येतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, तो आकडा सकाळीच मोबाइलवर फिरतो. 2018च्या डिसेंबरात तर तो दोन अंशांच्याही खाली गेला होता. द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या करतात, पहाटे मोटार लावून पाणी सोडतात, कारण थंडीनं मण्यांना तडे जातात. मला बाग नाही. माझी काळजी वेगळी होती. गाडी चालू होती का नाही!

गाडी म्हणजे जुनी डिझेल पिकअप, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. वस्तीवरच्या अकरा घरांचं दूध पहाटे तिच्यात चढायचं आणि सातच्या आत संकलन केंद्रावर पोचायचं. उशीर झाला की टँकर निघून जातो. गाडी चालवायला माझा पुतण्या, धाकट्या भावाचा मुलगा. डिझेलचे पैसे मी द्यायचो आणि वहीत लिहायचो.

दिवाळी झाली आणि गाडी कुरकुरायला लागली. स्टार्टर मारावा तर नुसतं घुर्र घुर्र. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पेटायची, पण सगळं अंग थरथरत, खडखड करत. मागून पांढरा धूर असा निघायचा की डोळे चुरचुरायचे. दोन-तीन मिनिटांनी आपोआप शांत. दुपारी मात्र चावी फिरवायचा अवकाश की चालू. मी पुतण्याला म्हणायचो, रेस देत बस अर्धा तास, चांगली तापू दे.

एक दिवस चालूच झाली नाही. अकरा घरांचं दूध जागेवर राहिलं. ज्यांच्या घरी जळण होतं त्यांनी खवा आटवला. एका म्हातारीची एकच गाय. ती येऊन म्हणाली, "तात्या, माझ्या दोन लिटरचं काय?" मला उत्तर सुचलं नाही आणि तो राग मी दुसरीकडे काढला. वहीत त्या महिन्यात डिझेल जास्त लागलेलं दिसत होतं. ओट्यावर चार माणसं बसलेली असताना पुतण्याला विचारलं, "डिझेल पंपावर भरतो का कुठून रॉकेल मिसळून आणतो?"

त्यानं चावी बोनेटवर ठेवली आणि निघून गेला. एक शब्द बोलला नाही.

तालुक्याच्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, कॉम्प्रेशन गेलं, इंजिन खोलावं लागेल. आकडा ऐकून मी गाभण गाय विकायचा विचार करत घरी आलो. तेवढ्यात मंडळींनीच आठवण दिली, शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या मिस्त्रीला विचारा की. त्यानं उभा जन्म ट्रॅक्टर खोलण्यात काढलेला.

मिस्त्री संध्याकाळी आला. बोनेट उघडलंच नाही, नुसतं विचारत राहिला. दिवसा कशी चालू होती? भरलेली असताना चढावर ओढती का? ऑइल खाती का? धूर पांढरा का निळा? मग म्हणाला, "कॉम्प्रेशन गेलं असतं तर दिवसाही रडली असती. निळा धूर म्हणजे ऑइल जळू राहिलं. पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडू राहिलं. आज रात्री गाडी उघड्यावर राहू द्या. मी येईपर्यंत चावीला हात लावायचा नाही." गार गाडीचा रोग गार असतानाच बघायचा, असं त्याचं म्हणणं.

पहाटे माकडटोपी घालून आला. मी कौतुकानं त्याला एक स्प्रे दाखवला, कोणीतरी दिलेला, हवेच्या फिल्टरवर मारला की गाडी पेटते म्हणे. त्यानं तो काढून लांब ठेवला. हीटरच्या गाडीत हा मारला तर आत भडका होतो, इंजिन फुटायची पाळी येते.

आधी बॅटरी बघितली, ती ठीक होती. इंजिनची अर्थची पट्टी मात्र गंजलेली. ती सोडून पॉलिश पेपरनं घासली. मग फिल्टरवरचा हातपंप दाबला. दहा-बारा वेळा तो पोचटच लागला, नंतर कडक झाला. म्हणजे रात्रीतून डिझेल मागं उतरत होतं. फिल्टरजवळचा रबरी पाइप चिरला होता, तिथून हवा शिरायची.

शेवटी हीटर प्लग. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेनं डिझेल पेटतं. लोखंड गार असलं की तीच उष्णता लोखंड खातं, म्हणून सुरुवातीला प्लगची ऊब लागते. त्यानं चारी प्लगवरची पट्टी काढली. इंडिकेटरच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावली. पहिल्याला बल्ब लागला. दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला लागला. चौथ्याला नाही. पहाटे गाडी दोन सिलिंडरवर चालत होती, थरथरणार नाही तर काय!

"पण हीटरचा दिवा तर रोज लागतो," मी म्हणालो.

"तो वेळ मोजतो तात्या, प्लग जिवंत का मेला ते त्याला काय माहीत?"

चौथा प्लग निघेना. मिस्त्रीनं जोर लावला नाही. हेडात तुटला तर खरंच इंजिन खोलावं लागतं. ऑइल सोडून, गाडी चालू करून गरम केली, तेव्हा हळूच फिरवला. चारी प्लग नवे टाकले, पाइप बदलला. मजुरी धरून दोन-अडीच हजारांत भागलं. डिझेल का जास्त लागतं, तेही मी विचारलं. तो हसला. "रोज अर्धा तास रेस देत बसता, ते काय आभाळातून येतं?"

मी तसाच भावाच्या मळ्यात गेलो. पुतण्या कांद्याची रोपं लावत होता. माफीचे शब्द तोंडात येईनात. "गाडी चालू झाली," एवढंच म्हणालो.

"हां का."

प्लगचं सांगितलं, पाइपाचं सांगितलं. तो वाफ्यातून वर न बघता म्हणाला, "पाइपाचं मी दिवाळीतच सांगितलं होतं तात्या. तुम्ही म्हणले, चालतंय तोवर चालू दे."

ते खरं होतं. मग मी बोललो, जे बोलायचं ते. भावजय बांधावर उभी होती, तिच्यादेखत बोललो.

आठ दिवस तो आला नाही, मीच दूध नेलं. नवव्या दिवशी पहाटे फाटक वाजलं. त्यानं चावी मागितली, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबला आणि स्टार्टर मारला. डिझेलची वही मी डॅशबोर्डवर ठेवून दिली. तेव्हापासून तिच्यात त्याचंच अक्षर आहे.