पाते घ्यायला बारामतीला

बारामतीला बायका जातात त्या साड्या नाहीतर भांडी घ्यायला. मी यंदा ट्रॅक्टरच्या मागचे पाते घ्यायला गेले, असे सांगितले की शाळेतल्या बाई हसतात. पण मैत्रिणींनो, इंदापूर तालुक्यातली आमची वस्ती डांबरी रस्त्यापासून आत, आणि मधली वाट सगळी काळ्या मातीची. मागल्या पावसाळ्यात सासूबाईंना ताप चढला, जीप चिखलात रुतली, अन् त्यांना बाजेवर घालून रस्त्यापर्यंत न्यावे लागले. "मला जितेपणीच चौघांनी उचललं," असे त्या अजून ऐकवतात.

इंदापूरहून बारामती पन्नासएक किलोमीटर. निमगाव केतकीचे पानमळे, शेळगाव, अंथुर्णे, मग जंक्शन. बेलवाडी आली की तुकोबांच्या पालखीचे रिंगण आठवते. भवानीनगरला साखर कारखाना. नीरा डाव्या कालव्याचे पाणी इंग्रजी अमदानीपासूनचे. त्यावर ऊस आला, आणि उसाच्या ट्रेलरांनी आमच्यासारख्यांच्या वाटांना चाकोऱ्या पाडल्या.

दुकानात ह्यांचा डोळा पुढे बसवायच्या लोडरवर. रुबाबदार खरा, पण महाग; शिवाय पुढच्या आसावर भार येतो, म्हणून मागे वजन बांधा. रोटर घरी आहेच, पण त्याने वाट भुसभुशीत होऊन चिखल वाढायचा. मागचे पाते तीन पॉइंटला जोडले की झाले. लिव्हरने खालीवर होते, पिन बदलून तिरके करता येते, मग गाळ आपोआप कडेला पडतो.

रुंदीवर मात्र आमचे वाजले! हे म्हणत, सहा फुटी पुरे. मी निघतानाच शिवणाच्या टेपने मागच्या चाकांचे बाहेरून माप घेतले होते, पावणेसहा फूट. पाते तिरके केले की त्याची झेप कमी होते, मग चाके साफ केलेल्या पट्ट्याबाहेर जाणार. मी पर्समधला खडू काढून दुकानाच्या फरशीवर आखूनच दाखवले. सात फुटी घेतले.

कॅनडातल्या नणंदेला फोटो धाडला, तर ती म्हणे, "वहिनी, आमच्याकडे अशाच पात्याने दारातला बर्फ सारतात!"

चिखल ओला असताना पाते घालू नये, माती चिकटून बसते. वाफसा आल्यावर हलक्या हाताने दोन फेऱ्या माराव्या, कडेने चर काढावा, आणि मुरूम टाकताना वाट मधोमध उंच ठेवावी. आम्ही उन्हाळ्यातच मुरूम टाकून घेतला. पहिला मोठा पाऊस झाला त्या सकाळी दुधाचा टेम्पो थेट दारात आला. सासूबाई ओसरीवर खुर्ची टाकून बघत होत्या.