मसूरची बैलगाडी आणि बेळगावची पलटण

दरवर्षी 1 जानेवारीला आम्ही भीमा कोरेगावला निघालो की टपरीवर कोणीतरी हटकतोच, "आमची माणसं इंग्रजांशी लढली, तुमची इंग्रजांसाठी!" गाव कुंडल. जी. डी. बापू लाडांचं, तूफान सेनेचं. 7 जून 1943 ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ती याच मातीतल्या माणसांनी. त्यांचा आदर आम्हालाही आहे, म्हणूनच टोमणा जास्त लागतो. लहानपणी आम्ही गप्प बसायचो.

आता बसत नाही. किर्लोस्करवाडीला गाडीत बसून पुण्याकडे निघा. शेणोली जाईल, कऱ्हाड जाईल आणि मसूर लागेल. 1901 साली साताऱ्याहून आलेला लहानगा भीमराव भाऊ-भाच्यांसह याच स्टेशनावर उतरला. वडील गोरेगावला नोकरीला. त्यांना निरोप पोचला नव्हता. पोरांचे कपडे नीटनेटके, म्हणून स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. महार म्हणताच मागे सरला. दुप्पट भाड्यावर एक गाडीवान तयार झाला, पण अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. जवळ भाकरी होती, पण पाणी कोणी देईना. तहानेनं रात्र काढली.

ही सुभेदाराची पोरं होती, मित्रांनो. रामजींनी लष्करात उभी हयात घालवली होती. पलटणीत हुद्दा मिळाला, शिक्षण मिळालं, पेन्शन मिळाली. मसूरला मात्र घोटभर पाणी मिळालं नाही. तेव्हा 'कोणासाठी लढलात' असं विचारणाऱ्यानं 'कोणी पाणी दिलं नाही' हेही विचारावं.

इंग्रजही काही आमचे सोयरे नव्हते. कोरेगावच्या स्तंभावर आमची 22 नावं कोरली आणि त्याच शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 111 महार पलटण उभारली, युद्ध संपल्यावर मोडली. बाबासाहेब 1927 ला त्या स्तंभापाशी गेले ते इंग्रजांचे आभार मानायला नव्हे. भरतीचा हक्क त्यांनी मागून, भांडून घेतला. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली ती या भांडणातून.

आपल्यालाही दोन शब्द सुनवायचे आहेत. मोटारसायकलवर रेजिमेंटचा बिल्ला चिकटवणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की पूर्वी त्यावर कोरेगावचा स्तंभ होता आणि आता कट्यार आहे? केंद्र मध्य प्रदेशातल्या सागरला आहे, हे? 25 नोव्हेंबर 1987 ला श्रीलंकेत 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. कृष्णराव आणि सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. यातलं कोणीही आपल्या जातीचं नाही. आमच्यातल्या काहींना हे सांगायला अवघड वाटतं, आम्हाला वाटत नाही. ज्या नावाला मसूरला विटाळ मानला, तेच नाव खांद्यावर लावून सगळ्या जातींची पोरं आज सीमेवर उभी आहेत. जात संपली असा याचा अर्थ नाही. तोच जवान सुट्टीवर गावी आला की त्याची वरात अडवणारे अजून आहेत.

येत्या 1 ऑक्टोबरला वस्तीतल्या निवृत्त जवानांना बोलतं करायचं ठरवलंय. भाषणं नकोत, त्यांनीच सांगावं: कुठे होते, काय पाहिलं. टपरीवरच्या त्या दोस्तालाही आमंत्रण दिलंय. येतो म्हणालाय.

जय भीम.